बोट सरळ झालं, आता कारागिरी परत कशी येते?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी बरंच सविस्तर लिहिलंय. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून त्याचा गोषवारा आधी देते. वडील ४९ वर्षांचे, कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, सोन्याचे कारागीर. कोल्हापुरी साजाची पानं घडवण्यात आणि डाग देण्यात, म्हणजे ज्योतीवर सोन्याचे तुकडे जोडण्यात, उभी हयात गेली. सहा वर्षांपूर्वी उजव्या हातात चिमटा धरला की तर्जनी आत मुडपायला लागली. जेवताना काही नाही, शर्टाची बटणं लावताना काही नाही, चिमटा धरला की मात्र बोट वळलंच. निदान व्हायलाच चार वर्षं गेली. मग 'फोकल डिस्टोनिया' असं नाव कळलं, स्नायू सैल करणारी बोटॉक्सची इंजेक्शनं झाली, आणि दोन महिन्यांपूर्वी मोठ्या शहरात जाऊन थॅलॅमोटॉमी हे मेंदूचं ऑपरेशन करून घेतलं. टेबलावरच बोट सरळ झालं. आता घरी हात मंद आहे, बोलणं किंचित जड आहे, आणि पप्पा चिमट्याकडे बघायलाही तयार नाहीत. शेठचा फोन येतोय. भजनी मंडळात तबला वाजवायचे, तो दोन वर्षं कापडात गुंडाळून ठेवलाय. ताईंचा प्रश्न असा: "पप्पा कामावर कधी जाऊ शकतील? आणि तबला आता सोडूनच द्यायचा का?"

मी कोल्हापुरात बावीस वर्षं ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून काम करते. हाताचे आणि मेंदूचे रुग्ण हेच माझं रोजचं काम. तुमचे पप्पा मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे सर्जननी दिलेल्या सूचना माझ्या प्रत्येक वाक्याच्या वर धरा.

ताई, तुम्ही 'कधी' असं विचारलंय. मला वाटतं खरी अडचण वेगळी आहे. ऑपरेशनने बोटाचं वळणं थांबवलं, पण सहा वर्षांत गेलेलं कौशल्य परत आणून दिलं नाही. ते ऑपरेशनचं कामही नव्हे. घरच्यांना वाटतं की बोट सरळ झालं म्हणजे माणूस बरा झाला, मग आता अडलंय कुठे? आणि रुग्णाला वाटतं, एवढं डोकं उघडून घेतलं तरी हात पूर्वीसारखा चालत नाही, म्हणजे सगळं फुकट गेलं. दोघांचाही हिशेब इथेच चुकतो.

हा आजार समजून घेतला तर पुढचं सोपं जातं. मेंदूत प्रत्येक बोटाची स्वतःची जागा असते. तेच बारीक काम, तीच पकड, वर्षानुवर्षं रोज दहा-दहा तास केली की काही लोकांत शेजारच्या बोटांच्या जागा एकमेकींत मिसळतात. कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी १९९६ साली माकडांवरच्या प्रयोगात हेच दाखवलं. एकच पकड भराभर, पुन्हा पुन्हा करायला लावल्यावर त्यांच्या मेंदूतला हाताचा नकाशा विस्कटला होता. मग 'बोट उघड' असा हुकूम गेला की उघडणारे आणि मिटणारे स्नायू एकाच वेळी ओढायला लागतात आणि बोट मुडपतं. ताकद शाबूत, नसा शाबूत, एक्स-रे स्वच्छ. म्हणूनच अशा माणसाला 'मनाचं आहे', 'कामाचा कंटाळा आलाय' असं ऐकावं लागतं. तुमच्या पप्पांनी चार वर्षं ते ऐकलं असणार. त्याचा परिणाम हातात राहतो, त्याबद्दल पुढे लिहिते.

आता ऑपरेशन. डोक्याला फ्रेम बसवून, एमआरआय आणि सीटीवरून जागा मोजून, कवटीला लहानसं छिद्र पाडून सुईसारखा इलेक्ट्रोड मेंदूत खोलवर असलेल्या थॅलॅमसच्या एका ठरावीक भागापर्यंत नेतात. उजव्या हातासाठी डाव्या बाजूला. रुग्ण जागा असतो आणि ज्या कामात बोट वळतं तेच काम टेबलावर करत असतो. २०१७ साली बंगळुरूत एका तरुणाने ऑपरेशन चालू असताना गिटार वाजवल्याची बातमी अनेकांना आठवत असेल. ते याच आजाराचं ऑपरेशन होतं. आधी विजेचा सौम्य प्रवाह सोडून बोट सुटतं का, बोलणं अडखळतं का हे तपासतात, आणि जागा बरोबर आहे याची खात्री पटली की ती उष्णतेने कायमची बंद करतात. बंद केलेला भाग फक्त काही मिलिमीटरचा असतो. टोकियोच्या डॉक्टरांनी हाताच्या डिस्टोनियासाठी हे ऑपरेशन केलेल्या १७१ रुग्णांचा आढावा २०१९ साली प्रसिद्ध केला. बहुतेकांना चांगला फायदा झाला, काहींचा त्रास परत आला, थोड्यांना कायमचे दुष्परिणाम राहिले. म्हणजे उपाय भरवशाचा आहे, पण त्याला हमीपत्र नाही.

तुम्ही लिहिलेला मंदपणा आणि बोलण्यातला जडपणा दोन महिन्यांच्या टप्प्यावर काही जणांत दिसतो. बंद केलेल्या जागेभोवती सुरुवातीला सूज असते, ती आजूबाजूच्या वाटांवर दाब देते. सूज ओसरेल तसं बोलणं मोकळं होतं, हात हलका होतो. याची दुसरी बाजूही सांगायला हवी. सूज ओसरताना काहींचं बोट पुन्हा थोडं वळायला लागतं. तसं झालं तर घाबरून जाऊ नका आणि लपवूही नका, सर्जनना कळवा. दोन महिन्यांवरून शेवटचा निकाल लावता येत नाही. मी स्वतः सहा महिन्यांच्या आत कुणालाही 'आता एवढंच' असं सांगत नाही. बोलण्याचा जडपणा दर आठवड्याला थोडा कमी होतोय ना, एवढं बघा. वाढत असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. अचानक जोराची डोकेदुखी, उलट्या, एका बाजूचा हात किंवा पाय गळणं, फिट, ताप किंवा टाक्यातून पाणी येणं, यातलं काहीही दिसलं तर थेट दवाखाना गाठायचा.

मग कामाचं काय? इथे माझीच एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेतले लिपिक माझ्याकडे यायचे. पेन धरला की मनगट वळायचं. ऑपरेशन उत्तम झालं होतं. चौथ्या आठवड्यात त्यांनी विचारलं, "मॅडम, ऑफिसला जाऊ का?" मी म्हटलं, "जा, जमेल तसं लिहा." तो मार्च होता. त्यांना रोज सहा-सात तास लिहिणं 'जमलं'. दहा-बारा दिवसांत मनगट पुन्हा वळायला लागलं आणि तिथून परत सावरायला आम्हा दोघांना पाच महिने लागले. 'जमेल तसं' ही सूचनाच नव्हे, हे मी तेव्हा शिकले. कारागीर माणसाला जमतं तेवढं तो करतोच, आणि त्याचं 'जमणं' त्याच्या नव्याने सावरणाऱ्या मेंदूच्या कितीतरी पुढे असतं.

म्हणून मी काम परत देताना तारीख देत नाही, तुकडे देते. सोनाराचं काम बाहेरून एक दिसतं, पण त्यात तोलणं आहे, आटणी आहे, तार ओढणं आहे, पत्रा कापणं, ठशात पान उठवणं, कानस मारणं, डाग देणं, झिलई, ओवणं आहे. यातल्या कोणत्या कामात बोट वळायचं आणि कोणत्या कामात कधीच वळलं नाही, याची यादी पप्पांकडून करून घ्या. तुम्ही लिहू नका, त्यांना सांगू दे. माझा अनुभव असा की यादी करताना माणसाला पहिल्यांदा कळतं, आपला हात सगळा गेलेला नव्हता.

हात कामाच्या जवळ नेण्याची सुरुवात मी स्वयंपाकघरात करते. ताटात हरभरे घ्यायचे, डोळे मिटून बोटांनी ओळखायचे. हरभरा, वाटाणा, तूर. मग नाणी, एक रुपया की दोन. यात बोटांच्या शेंड्यांना आपापली जागा पुन्हा ओळखायला शिकवायचं असतं. ते जमलं की उचलणं. आधी हरभरा, मग जोंधळा, मग मोहरी, शेवटी खसखस. बोटांनी, चिमट्याशिवाय. एका बैठकीला दहा मिनिटं, दिवसातून चार वेळा. एकदम चाळीस मिनिटं बसायचं नाही, कारण दमलेला हात जुनीच वाट धरतो. बोट जरा जरी आत ओढलं गेलं तरी त्याच क्षणी थांबायचं, हात मांडीवर सैल सोडायचा आणि एक पायरी मागे यायचं. जोर लावून ते बोट सरळ ठेवणं हा सगळ्यात वाईट व्यायाम आहे. त्याने वळण्याचाच सराव होतो.

मोहरी आरामात उचलली गेली की मग चिमटा. पण चिमट्याच्या दांड्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवून तो जाड करायचा. तीच वस्तू, तोच थंड पातळ पत्रा, तीच पकड मिळाली की मेंदूला जुनं वळण आठवतं. स्पर्श बदलला की तो थोडा गोंधळतो, आणि त्या गोंधळाचा आपल्याला उपयोग होतो. तसंच बसण्याची उंची बदला. पाटावर मांडी घालून काम करत असतील तर सुरुवातीचे काही आठवडे टेबल-खुर्चीवर करू द्या. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, एकाच कोनातून मोबाईलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्या. रोज बघून फरक दिसत नाही. चार आठवड्यांचे व्हिडिओ शेजारी ठेवले की दिसतो.

आगीचं काम सर्वांत शेवटी. फुंकणी असो की गॅसची ज्योत, डाग देताना दोन्ही हात, श्वास आणि नजर एकाच वेळी लागतात. या ऑपरेशननंतर काहींच्या बोटांना किंवा ओठांभोवती बधिरपणा राहतो. बधिर बोटाला चटका उशिरा कळतो. आधी बोटांच्या शेंड्यांची तपासणी करून घ्या, आणि सर्जन व थेरपिस्ट दोघांनी होकार दिल्याशिवाय ज्योतीजवळ बसू देऊ नका.

शेठच्या फोनचं उत्तर. तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही, ती मला महत्त्वाची वाटते. पप्पांना पगार आहे की मजुरी? मजुरी नगावर किंवा वजनावर असेल तर पहिले तीन महिने त्या हिशेबाने काम घेऊ नका. नगावरची मजुरी म्हणजे घाई, आणि घाईतच हे बोट सगळ्यात आधी वळतं. शेठकडे स्वतः जा, पप्पांना पाठवू नका. सांगा की पहिले दोन महिने अर्धा दिवस, ठरावीक रक्कम, चिमट्याचं काम दिवसात अर्ध्या तासापेक्षा जास्त नाही. बाकीच्या वेळात तोलणं, तपासणं, नव्या पोरांना शिकवणं. साजाचा मासा कुठे चपटा झाला आणि कासवाची पाठ कुठे बसली नाही हे बघणारी नजर तीस वर्षांनी तयार होते, ती ऑपरेशनमध्ये कुठे गेलेली नाही. जाणता शेठ हे ओळखतो. एखादा नाहीही ओळखत. घरची ओढाताण किती आहे यावरही बरंच अवलंबून आहे. हातात चार महिन्यांची शिल्लक असेल तर माझा क्रम पाळता येतो, नसेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाला काही काळ जास्त ओढावं लागेल. ते आजच बसून बोला. पप्पांसमोर बोला, म्हणजे आपण ओझं झालोय असं त्यांना आडून कळणार नाही.

आता ते चिमट्याकडे बघत का नाहीत, याकडे येते. सहा वर्षं हा माणूस रोज सकाळी हत्यार उचलायचा आणि रोज तेच हत्यार त्याची लाज काढायचं. शेजारच्या कारागिरांसमोर, गिऱ्हाइकांसमोर. ती भीती थॅलॅमसमध्ये नसते, त्यामुळे ती जाळून जात नाही. मी एका गृहस्थांच्या घरी गेले होते, तिथे पाहुणे आले की मुलगा म्हणायचा, "बाबा, उचलून दाखवा ना!" प्रेमाने म्हणायचा. बाबांचा हात तिथल्या तिथे दगड व्हायचा. तुमच्या घरी असं होत असेल तर आजपासून बंद करा. सरावाच्या वेळी खोलीत कुणी थांबू नका. झाल्यावर 'किती उचलले?' असंही विचारू नका. चहा द्या आणि दुसरंच काही बोला. ही भीती दोन-तीन महिन्यांत सैल झाली नाही, झोप उडाली, माणूस कुणाशी बोलेनासा झाला, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवण्यात अजिबात कमीपणा नाही. मी दाखवायला सांगते आणि त्याचा फायदा मी डोळ्यांनी बघितलाय.

इथपर्यंतचा क्रम ध्यानात ठेवायचा तर असा: आधी बोटांची ओळख, मग दाणे, मग जाड केलेला चिमटा, मग अर्ध्या दिवसाचं काम, आणि आग सर्वांत शेवटी. किती आठवडे लागतील हे प्रत्येक हात आपापलं सांगतो.

तबल्याबद्दल माझं मत ठाम आहे. सोडू नका, आणि 'आधी पोटाचं बघू, मग हौस' असंही म्हणू नका. तबल्यात मजुरी नाही, शेठ नाही, चूक झाली तर सोनं वाया जात नाही. म्हणून पुष्कळदा हात तिथे आधी मोकळा होतो आणि तो मोकळेपणा मग कामाकडे नेता येतो. फक्त एक बघायला हवं. शेवटच्या दोन वर्षांत तबल्यावरही तर्जनी मुडपत होती, की कामातल्या निराशेने त्यांनी तबला ठेवून दिला? हा आजार कधी कधी एका कामातून दुसऱ्यात पसरतो, त्यामुळे हे त्यांनाच विचारा. निराशेमुळे सोडला असेल तर सर्जनना विचारून लगेच सुरुवात करता येईल. बोट तिथेही वळत असेल तर जपून, पुढे सांगते तसं.

पहिले दोन आठवडे फक्त डग्गा. डावा हात ठेका धरेल, उजवा मांडीवर पडून ऐकेल. मग उजव्याने नुसता 'ना' हा बोल, एका मिनिटाला चाळीस ठोके, मोबाईलवर लय लावून. पियानोवादकांच्या डिस्टोनियात हीच पद्धत वापरतात. ज्या संथ लयीत बोट वळत नाही ती शोधायची, तिथेच बरेच दिवस राहायचं आणि मग इंचाइंचाने लय वाढवायची. 'ना' स्थिर झाला की केरवा, धा गे ना ति न क धि न, पण विलंबित. भजनात लय चढत जाते हे मला ठाऊक आहे, म्हणून मंडळात इतक्यात नको. मंडळात जायचंच असेल तर टाळ घेऊन बसू दे. टाळ धरण्याची पकड वेगळी आहे, सूर कानावर पडतो, माणसं भेटतात. एकादशीला पप्पा घरात एकटे बसून राहण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

लिऑन फ्लायशर नावाच्या अमेरिकन पियानोवादकाचा उजवा हात १९६०च्या दशकात याच आजाराने गेला. सुमारे तीस वर्षं ते डाव्या हाताच्या रचना वाजवत राहिले, शिकवत राहिले, वाद्यवृंदाचं संचालन करत राहिले. पुढे बोटॉक्सच्या मदतीने पुन्हा दोन्ही हातांनी मैफली केल्या. आजार पूर्ण गेला नव्हता, तो सांभाळून वाजवत होते. ही हकिगत मी रुग्णांना सांगते ती एवढ्यासाठी की त्या तीस वर्षांत ते संगीतातून बाहेर पडले नव्हते. हात परत आला तेव्हा कान आणि लय जागच्या जागी होते.

आणखी एक मुद्दा, कारण हे उत्तर वाचणाऱ्यांत डीबीएस, म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशन हे मेंदूचं दुसरं ऑपरेशन, केलेल्या रुग्णांचे नातेवाईकही असतील. थॅलॅमोटॉमीत शरीरात काही ठेवत नाहीत. डीबीएसमध्ये मेंदूत तार आणि छातीत बॅटरी राहते, आणि तीव्र चुंबकीय क्षेत्र त्यात बिघाड करू शकतं. पार्किन्सनसाठी डीबीएस केलेले एक गृहस्थ शिरोलीच्या फाउंड्रीत इंडक्शन फर्नेसवर, म्हणजे चुंबकीय क्षेत्राने धातू वितळवणाऱ्या भट्टीवर, होते. कंप इतका छान थांबला की ते चौथ्या महिन्यात थेट भट्टीवर उभे राहायला निघाले होते. आम्ही मालकांशी बोललो, त्यांना ओतकामाचे नमुने बनवतात त्या पॅटर्न शॉपमध्ये घेतलं, आजही तिथे आहेत. आपल्याकडे उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथे भट्ट्या आणि आर्क वेल्डिंग घरोघरच्या पोटापाण्याचा भाग आहेत. डीबीएस ठरवताना 'हा माणूस नेमकं काय काम करतो' हे डॉक्टरांनी विचारलं नाही तर तुम्ही सांगा, ऑपरेशनच्या आधी.

ताई, पप्पा पुन्हा साज घडवतील का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. बोट दोन महिने सरळ राहिलंय, कौशल्य तीस वर्षांचं आहे आणि घरात काळजीने विचारणारी मुलगी आहे, त्यामुळे मला आशा वाटते. पूर्वीइतक्या वेगाने घडवतील का, हे सहा महिन्यांनी विचारा. कदाचित दिवसाला कमी पानं होतील, कदाचित डाग दुसरा कुणी देईल आणि घडण त्यांची राहील. अशा वाटणीवर वर्षानुवर्षं काम करणारे कारागीर मी पाहिलेत, आणि त्यांच्या हातच्या मालाला कुणी नावं ठेवलेली ऐकली नाहीत.

ज्या थेरपिस्टकडे जाल त्यांच्याकडे पहिल्या दिवशी ऑपरेशनची फाईल आणि टेबलावरचा व्हिडिओ मिळाला असेल तर तो न्या. आणि पप्पांचा रोजचा चिमटा न्या, नवा विकत घेऊ नका. ट्यूब चढवण्याआधी तो हात त्याच जुन्या चिमट्यावर काय करतो, हे एकदा बघावं लागतं. पप्पा तयार नसतील तर तो फडक्यात गुंडाळून तुमच्या पिशवीत राहू द्या. बाहेर कधी काढायचा ते त्यांना ठरवू द्या.